मूलद्रव्यांची पेटी: आठ महिने वापरल्यावर

आठवीतल्या लेकीसाठी डिसेंबरात ही १२ मूलद्रव्यांची पेटी मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, जस्त, कथील, शिसं यांचे १ सेंटिमीटरचे ठोकळे. शिवाय मॅग्नेशियमची फीत, गंधक, कार्बन, बिस्मथ, आयोडीन आणि गॅलियम.

ठोकळे एकाच मापाचे, हे उत्तम केलंय. ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, शिसं ११.३. डोळे मिटून तळहातावर ठेवलं तरी कळतं. घनतेची व्याख्या मग पाठ करावी लागली नाही. मात्र शिसं हाताळल्यावर हात धुवा, हे पेटीवर कुठेही छापलेलं नाही.

खरी गंमत मार्चमध्ये आली. आम्ही रत्नागिरीत राहतो. एका दुपारी गॅलियमची कुपी हलवली तर आत चांदीसारखं पाणी! ते २९.७६ अंशांना वितळतं. रात्री गारवा आला तरी गोठेना. फ्रिजमध्ये ठेवावं लागलं. गोठताना ते फुगतं, म्हणून कुपी प्लास्टिकची आहे ते बरंच. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने हे मूलद्रव्य सापडण्याआधीच त्या सारणीत त्याची जागा मोकळी ठेवली होती आणि ते सहज वितळेल असंही सांगून ठेवलं होतं. १८७५ मध्ये ते सापडलं. हे ऐकून लेक त्या कुपीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. मग तिने जुन्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण खरवडून त्यावर एक थेंब चोळला. दुसऱ्या दिवशी तिथलं झाकण बोटाने मोडलं. (डबा सासूबाईंचा होता. त्यावर अधिक लिहीत नाही.)

पावसाळ्यात लोखंडाला आठवड्यात गंज, तांबं काळवंडलं, ॲल्युमिनियम मात्र जसंच्या तसं. वास्तविक ते लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, पण त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. गंज सुटतो, पापुद्रे निघतात, म्हणून आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

आता तक्रारी. जस्त आणि कथील यांच्या चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या. दोन्ही पांढरट, वजनही जवळपास सारखं. लेकीने दोन वाट्यांत व्हिनेगर घेऊन ठोकळे टाकले; ‘कथील’ लिहिलेल्यावर बारीक बुडबुडे आले, म्हणजे ते जस्त. सासूबाई म्हणाल्या, ‘‘कल्हईवाल्याला दाखवलं असतं तर त्याने हातात घेऊनच सांगितलं असतं.’’ चूक विक्रेत्याला कळवली, उत्तर नाही.

दुसरी तक्रार गंभीर आहे. आयोडीन घनरूपातूनच वाफ होत जातं आणि त्याच्या बाटलीचं झाकण सैल. मेपर्यंत पेटीचं अस्तर तपकिरी झालं, शेजारच्या लोखंडावर डाग पडले, वासही येत होता. लहान मूल घरात असेल तर ही बाटली आधी वेगळी काढा. आमची सध्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, गॅलरीतल्या कुलूपबंद कपाटात आहे.