दूध संकलनाचं सॉफ्टवेअर : पावती झकास, टेबलं कच्ची

निपाणी-चिकोडीकडच्या संकलन केंद्रांना विकलं जाणारं हे सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे. काटा आणि फॅट मशीन थेट जोडता येतं, पावती मराठी-कन्नड दोन्हींत निघते. दुखणं आहे ते डेटाबेसमध्ये.

सभासद कोड, नाव, गाव, जिल्हा, बँक खातं, आयएफएससी, शाखा, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) असं सगळं एकाच टेबलात कोंबलंय. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण, आहे कोड, तारीख आणि पाळी मिळून. पण नाव, गाव, खातं नुसत्या कोडवरून ठरतं. माहिती अख्ख्या कीवरून ठरावी, तिच्या एका तुकड्यावरून नाही, हा सेकंड नॉर्मल फॉर्मचा नियम तिथंच मोडला. त्यामुळे नवा सभासद दूध घालेपर्यंत नोंदवताच येत नाही. शून्य लिटरची खोटी नोंद टाकावी लागते. जुन्या नोंदी काढल्या की म्हैस आटलेल्याचं खातंही जातं. जिल्हा काही ओळींत बेळगाव, काहींत 2014 नंतरचं बेळगावी, त्यामुळे जिल्हावार बेरजेचे दोन तुकडे. सभासदांचं टेबल वेगळं हवं. शाखा आयएफएससीवरून ठरते, म्हणून तिचंही टेबल वेगळं हवं.

त्याहून वाईट म्हणजे कीमध्ये जनावराचा प्रकार नाही. एकाच पाळीला गाईचं आणि म्हशीचं दूध आलं, की दुसरी नोंद पहिलीवर बसते. पहिल्या कॅनचे पैसे बुडाले!

दराच्या बाबतीत मात्र उलटा घोळ. फॅट-एसएनएफवरून दर ठरतो म्हणून तो दरपत्रकाच्या टेबलात नेला. कागदावर थर्ड नॉर्मल फॉर्म (की सोडून दुसऱ्या कॉलमवरून ठरणारी माहिती वेगळ्या टेबलात), पण लागू तारखेचा कॉलमच नाही. दर हा जनावराचा प्रकार, फॅट, एसएनएफ आणि लागू तारीख या चौघांवर मिळून ठरतो. दर बदलला की मागची, चुकती झालेली बिलंही नव्या दरानं छापली जातात, आणि सभासद पावती घेऊन दारात. लागू तारीख घाला, नाहीतर दिलेला दर नोंदीतच ठेवा. त्यात नॉर्मलायझेशनवाल्यांनी (एक माहिती एकाच जागी ठेवा म्हणणाऱ्यांनी) नाक मुरडायचं कारण नाही, कारण तो त्या दिवशीचा व्यवहार आहे.

घेण्याआधी डेमोत तीन गोष्टी करून बघा: एका सभासदाचं एकाच पाळीला दोन्ही प्रकारचं दूध घाला, दर बदलून मागचं बिल पुन्हा छापा, दूध न घालता सभासद नोंदवा. आधीच घेतलं असेल तर डेटा एक्सेलमध्ये काढून एका कोडला दोन नावं किंवा दोन खाती लागलीत का ते तपासा. पुढचं बिल बँकेत पाठवण्याआधीच तपासा.