मानेवरची दाढी: सेफ्टी रेझर की कार्ट्रिज?

गाल कुठल्याही रेझरने गुळगुळीत होतात. त्यामुळे रेझर निवडताना गालाकडे बघू नका. मान, कंठमण्याच्या बाजू आणि नाकाखालची जागा बघा. मुंबईच्या दमट हवेत तर हे फारच जाणवतं. सकाळी खरवडलेली मान घाम आणि कॉलरच्या घासण्याने दादर येईस्तोवर चुरचुरायला लागते.

कार्ट्रिज म्हणजे अख्खं डोकंच बदलायचा रेझर. त्यात सहसा पाती दोन किंवा जास्त. पुढचं पातं केस किंचित बाहेर ओढतं, मागचं तो कापतं आणि कापलेलं टोक कातडीच्या आत जातं. केस सरळ असतील तर दाढी छान तुळतुळीत होते. कुरळे असतील तर तेच टोक आतल्या आत वळतं आणि पुळी उठते. हनुवटीवर मात्र कार्ट्रिजला तोड नाही, कारण त्याचं डोकं गोलाईबरोबर वळतं. घाईच्या सकाळीही तेच बरं.

सेफ्टी रेझर म्हणजे एकच सुटं पातं बसवायचा रेझर. एका वेळी त्याची एकच धार चालते, ती केस कातडीलगत कापते. पुळ्यांचा त्रास असलेल्यांनी निःशंक हाच घ्यावा. नाकाखालीही तो जास्त आत पोचतो. कार्ट्रिजचं जाड डोकं तिथे अडतं. पात्यांचा खर्चही किरकोळ. पण पातं आणि कातडी यांच्यात साधारण 30 अंशांचा कोन आपल्यालाच सांभाळावा लागतो, आणि जोर अजिबात द्यायचा नाही. रेझरच्या वजनानेच काम होतं.

रेझर कुठलाही घ्या, मानेवरचे केस कुठल्या दिशेला वाढतात ते आधी बघा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवा. जिकडून खरखरीत लागेल ती उलटी बाजू. अनेकांचे कंठाजवळचे केस आडवे, नाहीतर खालून वर वाढलेले असतात. अशा ठिकाणी नेहमीचा वरून खाली जाणारा हातच उलटा पडतो आणि सगळी आग तिथूनच सुरू होते. कंठमण्यावर थेट पातं नको. कातडी दोन बोटांनी बाजूला ओढून सपाट भागावर आणा, मग कापा.

सेफ्टी रेझरची धास्ती वाटत असेल तर 2010 मध्ये भारतात आलेला जिलेट गार्ड बघा. कार्ट्रिजच, पण एका पात्याचं. तेव्हा किंमत होती 15 रुपये.

दाढी झाली की ओल्या मानेवर तुरटी फिरवा. जिथे जास्त झोंबेल तिथे उद्या हात हलका ठेवा.