काचेची नळी की कोलिवासा?
पिंपातल्या द्रव कचऱ्याचा तपासणीसाठी नमुना काढायचा, तर साधी काचेची नळी घ्यावी की कोलिवासा, म्हणजे खालून बंद करता येणारा नळीसारखा नमुना-काढणी? पण आधी पिंप उघडण्याबद्दल. जळगाव एमआयडीसीत मे महिन्याच्या उन्हात घातक कचऱ्याचे २०० लिटरचे पिंप फुगतात. फुगलेल्याला हात लावूच नका, कळकळीने सांगतो. बाकीच्यांचं बूच ठिणगी न उडणाऱ्या पितळी पान्याने, वाफ निघू देत, हळूहळू सैल करा.

काचेची नळी स्वस्त. सावकाश तळापर्यंत सोडायची, वरचं तोंड रबरी बुचाने बंद करून उचलायची. धुण्याची भानगड नाही, एकदा वापरली की संपली. पण पातळ द्रव खालून ठिबकतो, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तर काचच खातं.

कोलिवासाला खालून बूच असतं. वर तेल, खाली पाणी, असे थर जसेच्या तसे येतात. धुवायला मात्र जिकिरीचा. थरांची शंका असली की मी कोलिवासाच घेतो, एरवी नळी.