ओढ्याकाठच्या गावासाठी पर्जन्यमापक: कोणता घ्यावा, कुठे बसवावा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. परंडा, भूम, माढा, मोहोळ भागांत माणसं, जनावरं गेली, जमिनी खरवडून गेल्या. मोठ्या नदीचा विसर्ग निदान कळवला जातो. गावच्या ओढ्याचा कोणी कळवत नाही. तिथे पर्जन्यमापकच कामाला येतो, पण बाजारातले निम्मे या कामाचे नाहीत.

बागकामाच्या दुकानातली, काठीला अडकवायची काचेची नळी आधीच बाद करा. ती ३५-४० मिमीला भरते. उत्तरा-हस्ताचा पाऊस एवढं पाणी तासाभरात ओततो. पुढचं काठावरून जातं आणि सकाळी नळी चाळीसच दाखवते. हवामान खात्याचा ‘मुसळधार’ चोवीस तासांत ६४.५ मिमीला सुरू होतो, ‘अति मुसळधार’ ११५.६ ला. घरापुरतं हवं असेल तर पाचरीच्या आकाराचं, दीडशे मिमीचं प्लास्टिकचं माप बरं. उन्हात दोन-तीन वर्षांत त्याचे आकडे पुसट होतात, एवढाच दोष.

ग्रामपंचायतीने घ्यावा तो फायबरचा, हवामान खात्याच्या नमुन्याचा. तोंड २०० चौरस सेमी, आत बाटली. इथे मेख बाटलीत आहे. या तोंडाला १ मिमी म्हणजे २० मिली, म्हणून ४ लिटरची बाटली २०० मिमीला भरते आणि १० लिटरची ५०० ला. दहाचीच मागा. बाटलीतलं पाणी ओतून मिमी वाचायचं मोजपात्र २०० चौरस सेमीच्या तोंडासाठीचंच आहे ना, तेही बघा. १०० च्या मापाचं दिलं तर प्रत्येक आकडा दुप्पट येईल.

बसवताना काठ जमिनीपासून ३० सेमी आणि लेव्हलमध्ये. झाड, घर, पत्रा यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. भोवती फरशी नको, शिंतोडे आत जातात. शेळ्या-कोंबड्यांसाठी साधं कुंपण हवंच.

आता जागा. सगळे तो ग्रामपंचायतीच्या आवारात लावतात आणि तिथेच फसतात. पूर आणणारा पाऊस बरेचदा गावात पडलेलाच नसतो, तो वर, ओढ्याच्या उगमाकडे पडतो. तेव्हा माप वरच्या वस्तीवर हवं आणि वाचणाऱ्याकडे फोन हवा. वर ५०० हेक्टर पाणलोट धरा. तासात ५० मिमी पडले तर अडीच लाख घनमीटर पाणी झालं. भाद्रपद-आश्विनात काळ्या रानाच्या भेगा मिटलेल्या आणि माती तुडुंब, त्यामुळे पाणी जिरत नाही. त्यातलं निम्मंच तासाभरात ओढ्याला लागलं तरी सरासरी बाराशे क्युसेकच्या वर जातं. फरशी पुलाखालच्या दोन-चार नळ्यांना ते झेपत नाही. वाहतं पाणी फरशीवर वीतभर चढलं तरी माणसाचा पाय सुटतो, फूटभर झालं की छोटी गाडी तरंगते.

रोजची नोंद सकाळी साडेआठला. पाऊस धरला की दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजा, वहीत लिहा, बाटली परत ठेवा. खाली फरशीच्या कठड्यावर रंगाने फुटाच्या खुणा मारा आणि ‘वर इतका पाऊस, खाली इतक्या वेळाने इतकं पाणी’ अशा जोड्या लिहीत जा. दोन पावसाळ्यांत आपल्या ओढ्याचा धोक्याचा आकडा हाती येतो. विकणाऱ्याने ‘एवढे मिमी झाले की पूर’ असा छापील तक्ता दिला तर तो धरून बसू नका.

डोलपात्राचे, म्हणजे आतलं छोटं पात्र भरलं की उलटून मोजणारे, बिनतारी डिजिटल मापक रात्री भोंगा वाजवतात, हा त्यांचा खरा फायदा. पण फार जोराच्या पावसात डोल उलटत असताना पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो, म्हणजे नेमक्या वेळेला. नरसाळ्यात पानं, कोळ्याचं जाळं, कुंभारणीचं घर झालं तर थेट शून्य दिसतं. फायबरच्या जोडीला घ्या, त्याच्या बदली नको. पेन्सिल सेल मृगाआधी बदला आणि पोळ्यानंतर पुन्हा.

फायबरच्या संचात सगळ्यात आधी फुटतं ते मोजपात्र. दोन घेऊन ठेवा.