हनोईहून हालाँग बे : स्वस्त ग्रुप टूरचं तिकीट फाडण्याआधी

व्हिएतनामची राजधानी हनोई, तिथल्या ओल्ड क्वार्टर या जुन्या भागात टूरवाल्यांची दुकानं इतकी दाटीवाटीने आहेत की एकाशी बोलणं संपेपर्यंत शेजारचा हाक मारतो. सगळ्यांच्या काचेवर हालाँग बे या खाडीचे तेच फोटो, तोच हिरवा समुद्र आणि त्यातून वर आलेले तेच डोंगर. एका दिवसाच्या ग्रुप टूरचा भाव मात्र साधारण ३० डॉलरपासून ६५ डॉलरपर्यंत. खाली-वर होणारे हे पैसे नेमके कशाचे, ते कळलं तर टूर पैसा वसूल. नाहीतर बारा तासांच्या दिवसात पाच तास बस आणि एक तास मोत्यांचं दुकान.

मत आधीच सांगून टाकतो. ४५ ते ५५ डॉलरची, सहा तासांच्या बोटीची आणि लिमोझिन व्हॅनची टूर घ्यावी. ३० डॉलरवाली शक्यतो घेऊ नये. आणि जानेवारी ते मार्चमध्ये हनोईत असाल आणि हातात एकच दिवस असेल, तर हालाँग सोडून निन्ह बिन्ह या डोंगर-गुहांच्या भागात जावं.

पहिली गोष्ट, दुकानदार जे विकतो ते त्याचं नसतं. बोट एकाची, बस दुसऱ्याची, गाईड तिसऱ्याचा. एकाच टेबलावर बसलेल्या सहा जणांनी सहा वेगवेगळे भाव दिलेले असतात, हे जेवताना गप्पा निघाल्या की उघड होतं. क्लूक, गेट युवर गाईड, व्हिएटर या ॲपवरही तोच प्रकार : एकच बोट चार नावांनी दिसते. त्यामुळे विकणाऱ्याच्या नावाचे रिव्ह्यू वाचून उपयोग नाही, बोटीचं नाव विचारायचं आणि पावतीवर लिहून घ्यायचं. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, तो तुम्हाला रात्री जी स्वस्त पडेल त्या बोटीत टाकणार. ओल्ड क्वार्टरमध्ये नावाजलेल्या टूर कंपन्यांच्या नावांच्या नकलाही भरपूर आहेत, त्यामुळे पाटीवरून काही ठरवू नये.

दुसरी गोष्ट बोटीची वेळ, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. हालाँगच्या डे बोटींचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. चार तासांचा मार्ग बंदराजवळच फिरतो : थिएन कुंग गुहा, दाऊ गो गुहा, धूपदाणीच्या आकाराचा सुळका आणि झुंजणाऱ्या कोंबड्यांसारखे दिसणारे दोन खडक. (व्हिएतनामच्या २,००,००० डोंगच्या नोटेच्या मागच्या बाजूला तोच धूपदाणीचा सुळका आहे.) सहा तासांचा मार्ग आत जातो : सुंग सोत गुहा, ती तोप बेट, आणि लुओन गुहेपाशी कयाक किंवा बांबूची होडी. जाहिरातीत दोन्हींना ‘हालाँग फुल डे’ म्हणतात, कारण बसचे तास धरले की दिवस फुलच होतो. ओळखायची खूण सोपी : माहितीपत्रकात थिएन कुंग असेल तर चार तास, सुंग सोत असेल तर सहा. चार तासांच्या फेरीत दाटीने उभे असलेले डोंगर दुरून दिसतात, पण त्यांच्यामधून बोट गेल्याचा जो अनुभव, ज्यासाठी माणूस इतक्या लांब येतो, तो फारसा मिळत नाही.

आता बस. हनोई ते हालाँग साधारण १५० किलोमीटर. एक्स्प्रेस वे झाल्यापासून अडीच तासांत पोचता येतं, पूर्वी चार लागायचे. स्वस्त टूरमध्ये २९ किंवा ४५ सीटची बस असते. २९ सीटच्या बसमध्ये मधल्या वाटेत उघडणाऱ्या घडीच्या सीट असतात. पाठ अर्धीच टेकते, हाताला आधार नाही, आणि मागच्या प्रत्येकाला उतरताना तुम्हाला उठावं लागतं. शेवटी चढणाऱ्याच्या वाट्याला हीच येते. लिमोझिन म्हणजे लांबलचक गाडी नव्हे. व्हॅनमधल्या सीट कमी करून नऊ-अकरा रुंद, मागे रेलणाऱ्या खुर्च्या बसवलेली गाडी. तिच्यासाठी दहाएक डॉलर जास्त मोजावे लागतात आणि ते मोजावेत. सोबत साठीच्या पुढची माणसं असतील तर याचा विचारही करू नये, सरळ द्यावेत.

पिकअप सकाळी ७.३० ते ८.३०. मोठी बस ओल्ड क्वार्टरच्या गल्ल्यांत शिरत नाही, म्हणून गाईड पायी येऊन हॉटेलच्या लॉबीतून माणसं गोळा करतो. हॉटेल ओल्ड क्वार्टरबाहेर, म्हणजे वेस्ट लेक किंवा बा दिन्ह भागात असेल, तर बहुतेक वेळा ऑपेरा हाऊसपाशी स्वतः यायला सांगतात. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर वेळ येते. आठ-नऊ वाजेपर्यंत आली नाही तर आपणच विचारायचं. बस चुकली की पैसे परत नाहीत, हे सगळीकडे सारखंच.

वाटेत हाय झुआँगच्या आसपास २५-३० मिनिटांचा थांबा. मोती, भरतकामाची चित्रं, संगमरवरी वाघ-सिंह. स्वच्छतागृह मुद्दाम दुकानाच्या पार मागच्या टोकाला. कमी भावाचा काही भाग या थांब्यातूनच भरून निघतो, त्यामुळे तो टळणार नाही. भाव हनोईपेक्षा चढे असतात. कॉफी प्यावी, पाय मोकळे करावेत. महाग टूरमध्ये परतीचा थांबा तरी गाळतात. स्वस्त टूरमध्ये येता-जाता दोन्ही वेळा.

तुआन चाऊ बंदरावर पोचेपर्यंत साडेअकरा. इथून एक अडचण सुरू होते, जिचा पैशांशी संबंध कमी आणि घड्याळाशी जास्त. सहा तासांच्या बहुतेक डे बोटी बाराच्या सुमारास सुटतात, आधी जेवण देतात आणि मग एकाच क्रमाने सुंग सोतला धडकतात. गुहेत वर चढून एका तोंडाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेर पडायचं, मागे फिरता येत नाही. त्यामुळे पुढचा ग्रुप फोटो काढत थांबला की मागची रांग ओल्या पायऱ्यांवर खोळंबते. काही बोटी मुद्दाम उलटा क्रम ठेवतात, आधी कयाक आणि शेवटी गुहा. बुकिंग करताना क्रम विचारला आणि तो उलटा निघाला, तर ती बोट घ्यावी. गुहा स्वतः खरंच भव्य आहे. पहिली दालनं बेताची वाटतात, पण शेवटचं दालन उघडतं तेव्हा पुढे गेलेली माणसं खाली मुंग्यांएवढी दिसतात.

ती तोप बेटाचं नाव सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव यांच्यावरून पडलं. १९६२ मध्ये हो चि मिन्ह त्यांना इथे घेऊन आले होते. माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या, उंच आणि असमान. वरून खाडीचा जो देखावा दिसतो तोच जाहिरातींमध्ये असतो. पण मिळतात ४५ मिनिटं, आणि गर्दीत चढायला वीस-पंचवीस जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी निम्म्यावरच्या टप्प्यावर थांबावं. तिथूनही पुरेसं दिसतं. नाहीतर खाली छोटी वाळूची चौपाटी आहे.

लुओनपाशी कयाक की बांबूची होडी, यात एकच तिकिटात धरलेलं असतं. कयाक दोघांची. पोहता येत नसेल किंवा सोबत लहान मूल असेल तर बांबूची होडी. वल्हवणारा माणूस त्यांचा असतो आणि खडकाच्या कमानीखालून तोच नेतो. उतरताना टिप मागतील, ती ऐच्छिक आहे. लाइफ जॅकेट दोन्हीकडे देतात. बंद नीट लागतात का ते बघूनच घ्यावं, कारण जुन्या जॅकेटचे बकल तुटलेले असतात.

आणि आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न, जेवण. टेबल सहा किंवा आठ जणांचं, अनोळखी माणसं एकत्र, आणि पदार्थ मध्ये ठेवून वाटून घ्यायचे : वाफवलेली कोळंबी, मासा, माकुळ, भात, पालेभाजी, स्प्रिंग रोल. मासे खाणाऱ्या कोकणी-मालवणी माणसाची इथे चंगळ, मसाला नसल्याची तक्रार सोडली तर. शाकाहारी माणसाने मात्र दोन ठिकाणी सावध राहावं. स्प्रिंग रोलमध्ये बहुतेक वेळा डुकराचा खिमा असतो. आणि साध्या परतलेल्या भाजीतही माशाचा सॉस पडतो, कारण स्वयंपाक्याच्या लेखी ते मिठासारखंच. नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही. बुकिंगमध्ये ‘माशाचा सॉस नको, अंडं नको’ असं स्वच्छ लिहावं, आणि बोटीवर चढताच ‘आन चाय’ म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, असं गाईडकडून स्वयंपाकघरात सांगवावं. मग टोफू, कलमी म्हणजे नाळीची भाजी, भात, शेंगदाणे-तीळ असं काहीतरी वेगळ्या ताटात येतं. घरात दोघं शाकाहारी आणि दोघं मांसाहारी असतील तर ताटं वेगळी मागा, नाहीतर कोळंबीच्या वाटणीत गोंधळ होतो. लसणाची चटणी, चिवडा, थेपले पिशवीत असले तर कोणी अडवत नाही. पाणी-बिअर मात्र बोटीवरचंच विकत घ्यायचं. बाहेरून नेलं तर बऱ्याच बोटी वेगळा आकार लावतात.

हवामानाचं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, एप्रिल ठीक. जानेवारी ते मार्च धुकं आणि भुरभुर, डोंगर असून नसल्यासारखे. जून ते सप्टेंबर उकाडा, वादळं आणि दुपारचे अचानक येणारे झंझावात. सप्टेंबर २०२४ मधल्या यागी वादळाने खाडीतल्या बोटींचं मोठं नुकसान केलं, आणि जुलै २०२५ मध्ये अशाच अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटून तीसहून जास्त माणसं गेली. म्हणून या महिन्यांत बंदर बंद झालं तर कुरकुर करू नये. मात्र पैसे परत मिळणार, की बळेबळे दुसरीकडे फिरवून आणणार, हे बुकिंगच्या अटींत आधी वाचावं. ‘हवामानामुळे रद्द झाल्यास संपूर्ण परतावा’ हे वाक्य शब्दशः हवं.

हिवाळ्याच्या धुक्यात निन्ह बिन्ह का बरं, तर तिथले डोंगर जवळ आहेत. हनोईपासून ९५ किलोमीटर, दोन तास. त्रांग आनमध्ये चार जणांची वल्ह्याची होडी कपारी आणि गुहांमधून जवळजवळ अडीच तास नेते. हाताच्या अंतरावरचा कडा धुक्यात झाकला जात नाही. २०१४ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. सोबत होआ लू, ९६८ ते १०१० मधली व्हिएतनामची राजधानी. भाव हालाँगपेक्षा थोडा कमी, जेवण बुफे, त्यामुळे शाकाहारी माणूस स्वतः बघून वाढून घेतो. दुकानाचा थांबा तिथेही असतोच.

शेवटी पैशांचं. टिप आणि बोटीवरचं बिल डोंगमध्ये द्यावं; डॉलर घेतात, पण दर त्यांचा. ५,००,००० आणि २०,००० या दोन्ही नोटा निळसर असतात आणि बोटीच्या अर्धवट उजेडात सहज अदलाबदल होते, त्यामुळे पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात. हनोईला परत यायला आठ-साडेआठ वाजतात, शनिवार-रविवारी त्याहून उशीर. नोई बाय विमानतळ शहरापासून तीसएक किलोमीटर लांब आहे, त्यामुळे त्याच रात्रीचं मुंबईचं विमान असेल तर ही टूर आदल्या दिवशी उरकून घ्यावी.