एक लाख ल्युमेनची बॅटरी, बारा मिनिटांचा उजेड

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. शेतीची थ्रीफेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे मोटार चालू करायला आणि ठिबकचे वाल फिरवायला रात्रीच बागेत जावं लागतं. बागेत घोणस निघते, सातपुड्याच्या बाजूने बिबट्याचीही ये-जा असते. हातात टॉर्च नसेल तर बांधावर पाऊल टाकायची हिंमत होत नाही. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. पुढेही तसंच लिहितो.)

हिवाळ्यात फोनवर एका बॅटरीचा व्हिडिओ आला. मिलिटरी टॅक्टिकल, एक लाख ल्युमेन उजेड, दोन किलोमीटर झोत, वरून गाडी गेली तरी फुटत नाही, बादलीत बुडवली तरी पेटती. मुठीत मावेल एवढी, आणि दोन मिळून १,४९९ रुपये, पैसे माल आल्यावर. मी बीएस्सी झालोय, तेही भौतिकशास्त्र घेऊन. तरी मागवल्या. एक मला, एक सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला.

पार्सलवाल्या पोराने पैसे घेतल्याशिवाय खोकं फोडू दिलं नाही. त्याचा काय दोष, त्याला तसंच सांगितलेलं असतं.

संध्याकाळी अंगणात लावून पाहिली. समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. शेजारचे नाना म्हणाले, “गाडीचा हेडलाईटच म्हणा!” मी खूश. पंधरा फुटांवरच्या चुन्याच्या भिंतीवर कुठलीही बॅटरी भारीच दिसते, हे तेव्हा सुचलं नाही. पुढचं तोंड ओढून झोत बारीक केला की भिंतीवर एक पिवळसर चौकोन उमटायचा, कडा कापल्यासारख्या. तो चौकोन म्हणजे आतल्या एलईडीच्या चिपचंच चित्र. साध्या भिंगाची बॅटरी ते पुढे फेकते आणि आजूबाजूला सगळा काळोख ठेवते. साप पायाशी असतो, चौकोनात नाही.

तिसऱ्या रात्री सालदार वाल फिरवायला गेला आणि अर्ध्या वाटेतून चाचपडत परत आला. “दादा, हाई ते बंद व्हयी गयी.” मग मी घड्याळ लावून माझी पाहिली. बाराव्या मिनिटाला उजेड एकदम मंदावला, आणि थोड्या वेळाने फक्त चिपचा ठिपका दिसायला लागला.

मग जे गणित आधी करायचं ते नंतर केलं. चांगला पांढरा एलईडी एका वॅटला शंभर-दीडशे ल्युमेन देतो. एक लाखासाठी सातशे ते हजार वॅट लागतील. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे विहिरीवरची छोटी मोटार मुठीत धरल्यासारखंच झालं. आतला सेल १८६५० जातीचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यातला चांगला घेतला तरी तो ३,५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास थांबतो. माझ्या सेलवर छापलं होतं ९,९००.

जळगावला गेलो तेव्हा ओळखीच्या सराफाला म्हटलं, जरा काट्यावर ठेवा. तो हसला, पण ठेवला. २७ ग्रॅम! मेव्हण्याच्या बॅटरीतला सेल ४६ भरला. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराने मोजून सांगितलं, माझ्या सेलमध्ये जेमतेम ८७० एमएएच मावतात. बाहेर मोठं नळकांडं, आत लहान सेल आणि बाकी भरताड, अशी ही जुनी युक्ती आहे. खात्री करायला सेल कापू मात्र नका, लिथियम पेट घेतो. सोबतच्या चार्जरवर तो इतका तापायचा की मी घराबाहेर फरशीवर लावून समोर बसायचो.

मेव्हण्याची बॅटरी २,८०० रुपयांची, तेवढीच लहान. तिच्या खोक्यावर ल्युमेनसोबत कँडेलाही लिहिलेला आहे. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे झोताच्या मधोमधची धार. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की झोताचं अंतर मीटरमध्ये येतं. तेही पाव लक्सपर्यंतचं, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडेल तिथवरचं. साप ओळखायचा तर त्याच्या निम्मंही धरू नका. दोन किलोमीटर झोताला दहा लाख कँडेला लागतात. फोनवरच्या लक्समीटरने दोन्ही बॅटऱ्यांचा उजेड पाच मीटरवर मोजून २५ ने, म्हणजे अंतराच्या वर्गाने, गुणला की कँडेला निघतो. फोनचा मीटर काही काटेकोर नसतो, पण तुलनेला चालतो. माझी साडेचार हजार कँडेलाची निघाली, म्हणजे १३४ मीटर. त्याची सोळा हजारांची, म्हणजे २५० च्या वर. शिवाय तिच्यात भिंगाऐवजी खोलगट आरसा आहे, त्यामुळे मधे धार आणि भोवती पसरट उजेड. बागेतल्या दोन ओळींमधून चालताना पायाखालचं आणि समोरचं एकदमच दिसतं.

आमच्या दोन बॅटऱ्यांच्या मजबुतीचं काय सांगू. सरकणाऱ्या तोंडाच्या फटीतून पहिल्याच दवात भिंगाच्या आत बाष्प धरलं. खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलं होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सालदाराची कंबरेएवढ्या उंचीवरून बांधावर पडली तर मागची स्प्रिंग वाकडी झाली, आणि तेव्हापासून ती थापट मारल्याशिवाय पेटत नाही.

परतीची मुदत सात दिवसांची होती. पाचव्या दिवशी तक्रार केली. आधी व्हिडिओ मागितला. पाठवला. मग म्हणाले, खोकं उघडतानाचा पाठवा. तो कुठून आणू? आठव्या दिवशी उत्तर आलं, मुदत संपली. नंतर तो नंबर लागलाच नाही. पार्सलवरच्या पत्त्यात फक्त शहर आणि गोदाम, गाळा क्रमांक नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही अशी मागवलीच असेल तर खोकं उघडताना मोबाईल चालू ठेवा, पार्सलवरची चिठ्ठी जपा, आणि पहिल्याच रात्री अंगणात नाही, शेतात जाऊन अर्धा तास सलग जाळा. सेल काढून कुठल्याही सराफाकडे वजन करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

सालदाराने आता वडिलांची जुनी तीन सेलची पत्र्याची बॅटरी काढली आहे. माझ्या बॅटरीचं भिंग पोराने काढून घेतलं. दुपारी ओट्यावर बसून वाळलेलं केळीचं पान जाळत असतो.