नऊ महिन्यांनंतर: कमी बजेटमधलं माझं पहिलं रिमोट हेलिकॉप्टर

नऊ महिन्यांत माझ्या हेलिकॉप्टरला काय काय लागलं ते आधी लिहितो. मेन ब्लेडच्या (वरच्या मुख्य पंख्याच्या पात्यांच्या) तीन जोड्या, शेपटीचा पंखा फिरवणाऱ्या दोन टेल मोटर, एक मेन गिअर, एक कॅनॉपी (पुढचं प्लास्टिकचं कवच) आणि तीन जादा बॅटऱ्या. सगळं मिळून हेलिकॉप्टरच्या मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च यावर झाला. हेलिकॉप्टर अजून छान उडतंय, आज सकाळीच दोन बॅटऱ्या संपवून आलो. पैसे वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही, पण विकत घेताना हा निम्मा खर्च माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्याला माझं सांगणं असं: हातात जेवढी रक्कम आहे तिचे तीन भाग करा. दोन भागांत बसेल ते हेलिकॉप्टर घ्या आणि तिसरा भाग पडझडीसाठी बाजूला ठेवा. सगळी रक्कम हेलिकॉप्टरवरच घातली तर पहिलं ब्लेड तुटलं की ते कपाटावर जाऊन बसतं.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच घडण वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकली जाते. प्रकार सांगतो, तो महत्त्वाचा. चार चॅनेल (म्हणजे रिमोटवरून चार वेगवेगळ्या हालचाली), वर एकच मुख्य पंखा, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन बदलत नाही, वर-खाली होणं फक्त पंख्याच्या वेगावर), फ्लायबार (पंख्यासोबत फिरणारा, तोल राखणारा दांडा) नाही, सहा अक्षांचा जायरो (तोल सांभाळणारा सेन्सर), २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि एका सेलची ३.७ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम वीतभर. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११ आणि त्याचं पुढचं बिनफ्लायबारचं व्ही९११एस ही या वर्गातली सर्वांच्या ओळखीची नावं. शोधताना तिथून सुरुवात केली तर बाकीची आपोआप सापडतात.

याच्या आधी घरात तीन चॅनेलचं एक होतं, पुतणीसाठी आणलेलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. एकावर एक दोन पंखे, दोन्ही उलट दिशांना फिरणारे. पंखा फिरताना हेलिकॉप्टरच्या अंगाला उलट दिशेला पीळ देतो. इथे एकाचा पीळ दुसरा मोडून काढतो, त्यामुळे असं हेलिकॉप्टर मुळातच शांत असतं. शेपटीवरचा छोटा पंखा आडवा बसवलेला असतो. तो शेपूट वर-खाली करतो आणि त्यावर हेलिकॉप्टर पुढे-मागे जातं. सायमाचं एस१०७ हे या प्रकारातलं प्रसिद्ध नाव. आमचं त्याच घडणीचं, पण दुसऱ्याच कुणाचं होतं. पुतणी एका संध्याकाळी ते चालवायला शिकली. सोफ्यावरून उठून टेबलावर नेऊन उतरवायचं, एवढं तिला तिसऱ्या दिवशी जमत होतं. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल आणि फक्त घरातच उडवायचं असेल तर हाच प्रकार घ्या, यात मला शंका नाही.

पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. रिमोट इन्फ्रारेड असतो, टीव्हीच्या रिमोटसारखा, आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. आमच्या खोलीत दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा येई. हेलिकॉप्टर त्यात शिरलं की रिमोटला दाद देईना, सावलीत आलं की पुन्हा ऐकायला लागे. दुसरी मर्यादा जास्त मोठी: ते डाव्या-उजव्या अंगाला सरकू शकत नाही. चौथा चॅनेल असतो तो यासाठीच. एका जागी स्थिर ठेवायचं तर हेलिकॉप्टर ज्या बाजूला कलतंय त्याच्या उलट रिमोटची काठी हळूच द्यावी लागते, आणि खरं शिक्षण तिथे सुरू होतं. तीन चॅनेलवर ते होतच नाही. आठवड्याभरात आमच्या त्या हेलिकॉप्टरकडून शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मित्राकडे उंची आपोआप धरून ठेवणारं एक आहे, तेही महिनाभर आणून पाहिलं. काठी मध्यावर सोडली की ते हवेत थांबतं. आतला बॅरोमीटर हवेचा दाब मोजून उंची ठरवतो. जमिनीलगत स्वतःच्याच पंख्याच्या वाऱ्यामुळे दाब बदलतो, म्हणून तिथे ते वर-खाली हेलकावे खातं. पोटाला कॅमेरा असलेली मॉडेल जागाही धरून ठेवतात, पण खाली नक्षी किंवा पोत असलेली जमीन आणि पुरेसा उजेड हवा. गुळगुळीत एकरंगी फरशीवर ती भरकटतात. वाईट नाहीत. आजोबांना किंवा लहान मुलाला उडवण्याची मजा द्यायची असेल तर उत्तमच. पण ज्याला पुढे मोठ्या हेलिकॉप्टरकडे जायचंय त्याचा डावा अंगठा यावर तयार होत नाही. थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा वेग, सतत, केसाएवढा कमी-जास्त करत राहण्याची सवय हीच सुरुवातीची कमाई, आणि ती हे यंत्र तुमच्याऐवजी स्वतःच करून टाकतं.

कलेक्टिव्ह पिचवाली (उडतानाच पात्यांचा कोन बदलणारी) सहा चॅनेलची, उलटी उडणारी, पहिल्यांदा घेऊ नका. एवढंच लिहितो.

आता शिकण्याबद्दल. पहिले दहा दिवस मी हेलिकॉप्टर जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा प्रयत्न करत होतो, कारण पडलं तर कमी लागेल असं वाटायचं. हीच चूक बहुतेक जण करतात. तिथे पंख्याने खाली ढकललेला वारा जमिनीवर आपटून परत येतो आणि हेलिकॉप्टर तेल सांडलेल्या ताटावरच्या वाटीसारखं घसरत राहतं. त्याला छातीच्या उंचीवर न्या. तिथे ते एकदम शहाणं होतं. दुसरं, शेपटीचा पंखा पीळ मोडताना सगळं हेलिकॉप्टर एका बाजूला ढकलत असतो, त्यामुळे स्थिर असतानाही ते किंचित कललेलं दिसतं. ते सरळ करायला मी चार दिवस ट्रिमची (काठी न हलवता कल दुरुस्त करण्याची) बटणं दाबत बसलो होतो. तो दोष नाही, एक मुख्य पंखा आणि एक शेपटीचा पंखा या मांडणीत तो असतोच, खऱ्या हेलिकॉप्टरमध्येही. इगोर सिकॉर्स्की यांनी सप्टेंबर १९३९ मध्ये हीच मांडणी असलेलं व्हीएस-३०० पहिल्यांदा जमिनीवरून उचललं तेव्हा ते दोरांनी बांधून ठेवलेलं होतं. ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्या दहा दिवसांच्या धडपडीबद्दल मला फार धीर आला.

शेपूट आपल्याकडे ठेवून स्थिर उडवणं, म्हणजे टेल-इन होव्हर, मला तीन आठवड्यांत आलं. नाक आपल्याकडे करून तेच करायला पुढचे दोन महिने गेले. डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदू आयत्या वेळी चुकीचा अंगठा हलवतो. माझी ब्लेडची दुसरी जोडी याच काळात गेली. शेवटी एका अनुभवी माणसाने सांगितलेली एक गोष्ट कामाला आली: नाक समोर असताना हेलिकॉप्टर ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला काठी न्या, जणू पडत्या भिंतीला खालून टेकू देताय. डावं-उजवं असा विचारच करायचा नाही, फक्त टेकू द्यायचा. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा चौदा सेकंद जमलं. खाली उतरवलं तेव्हा हात थरथरत होते. संगणकावरच्या सिम्युलेटरवर हा सराव आधी केला असता तर ती ब्लेड वाचली असती. सोय असेल त्याने जरूर करावा.

पडण्याचा एकच नियम आहे आणि तो अंगात भिनेपर्यंत घोकावा लागतो: काही लागलं की थ्रॉटल शून्यावर. अडकलेली मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, तापते आणि गुंडाळी जळते. नाहीतर गिअरचे दात जातात. माझा मेन गिअर असाच गेला. ब्लेड खुर्चीच्या पायात अडकलं आणि मी घाबरून वर उचलायला काठी पूर्ण पुढे ढकलली. उघडून पाहिलं तर पांढऱ्या प्लास्टिकच्या चक्राचे तीन दात वस्तऱ्याने तासावेत तसे साफ झाले होते. गिअर अगदी स्वस्त असतो, पण दुरुस्तीला अर्धा दिवस गेला.

ब्लेडचे स्क्रू हा आणखी एक विषय, ज्याबद्दल सोबतच्या कागदात अवाक्षर नसतं. नवीन जोडी लावल्यावर मी स्क्रू गच्च आवळले आणि हेलिकॉप्टर शेपटीपासून नाकापर्यंत थरथरायला लागलं. ब्लेड थोडी सैल हवीत, म्हणजे फिरताना ती स्वतःच ताणून सरळ होतात. बोटाने ढकललं तर सहज हलावीत, पण लटपटू नयेत. पाव आटा मागे फिरवला आणि थरथर थांबली.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे टेल मोटर. ही बारीक ब्रश मोटर झिजणारीच असते, ती वापरावर संपणारी वस्तू समजा. संपत आली की बॅटरी निम्मी उतरल्यावर शेपूट हळूहळू एका बाजूला वळायला लागतं आणि काठीने आवरत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी नवी मोटर मागवून मोकळा झालो होतो. पुतणी भिंग घेऊन शेपूट न्याहाळत बसली आणि म्हणाली, "काका, इथे केस आहे." खरंच, पंखा आणि मोटर यांच्यामधल्या सुईएवढ्या दांड्याला एक लांब केस गुंडाळला होता, इतका घट्ट की तो दांड्याचाच भाग वाटत होता. टेल पंखा ओढून काढला, चिमट्याने केसाचं टोक पकडलं, चार वेढे निघाले. शेपूट पुन्हा जागच्या जागी. तेव्हापासून दर दहा उड्डाणांनी आम्ही तो दांडा आणि मेन शाफ्टचं तळाचं टोक बघतो. खरोखर झिजलेल्या दोन मोटर मात्र नंतर बदलाव्या लागल्याच. खरेदीआधी हे तपासा: टेल मोटरची वायर सर्किटला प्लगने जोडलेली आहे की सोल्डरिंग केलेली. माझ्यात सोल्डरिंग होतं आणि त्या वायरी इतक्या बारीक की पहिल्या वेळी एक तुटलीच. तुमचा हात सोल्डरिंगला बसलेला नसेल तर प्लगवालंच शोधा.

बॅटरीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. पूर्ण भरल्यावर एक सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचं कायमचं नुकसान होतं. माझी एक बॅटरी अशी गेली की मी हेलिकॉप्टरचा स्विच बंद करायला विसरलो आणि ते रात्रभर चालू राहिलं. सकाळी ती उशीसारखी फुगलेली होती. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या. आता मी उड्डाण संपल्याबरोबर प्लगच काढतो. उडवल्यावर बॅटरी गरम असते, ती पूर्ण निवल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही, आणि चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करतो. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतो. एका बॅटरीवर सहा-सात मिनिटं मिळतात आणि चार्जिंगला तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. एकाच बॅटरीवर शिकायला बसलात तर अर्धा तास उडवायला निम्मा दिवस जातो. म्हणून ज्या दिवशी हेलिकॉप्टर मागवाल त्याच दिवशी निदान दोन जादा बॅटऱ्या आणि चार एकदम चार्ज करणारा छोटा चार्जर मागवा. प्लगचा आकार जुळतोय ना ते बघा, ३.७ व्होल्ट लिहिलंय म्हणून ती बसेलच असं नाही.

बाहेर उडवण्याबद्दल फार आशा धरू नका. एवढ्या हलक्या वस्तूला झुळूकसुद्धा जड जाते. झाडाचं पान हलत नसेल अशा सकाळीच मी नेतो. पण हाच हलकेपणा पडताना वाचवतो. "मेटल बॉडी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पाहून भुलू नका. जड हेलिकॉप्टर जोरात आदळतं, आणि धातूचा सांगाडा टिकला तरी शाफ्ट वाकतोच. वाकलेला प्लास्टिकचा स्किड (पोटाखालचा पाय) मात्र हाताने सरळ होतो. उडवताना चष्मा लावा, लांब केस बांधा आणि चेहऱ्याच्या उंचीवर कुणाच्या जवळ नेऊ नका. छोटं ब्लेडही डोळ्याला लागलं तर इजा होते.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी एकच गोष्ट वेगळी करीन: हेलिकॉप्टर शोधण्याआधी त्याचे सुटे भाग शोधीन. मॉडेलच्या नावापुढे ब्लेड, मेन गिअर, टेल मोटर, बॅटरी असं एकेक लिहून बघायचं. चारही सुटे, वेगवेगळे मिळत असतील तरच पुढे जायचं. बाजारात काही वर्षं असलेल्या मॉडेलचे भाग भरपूर मिळतात. त्यामुळे नव्या चकचकीत मॉडेलपेक्षा दोन-तीन वर्षं जुनं मी कधीही आधी घेईन. रिमोट मोड एक आहे की मोड दोन, तेही विचारून घ्या. मोड दोनमध्ये थ्रॉटल डाव्या हाताला येतो, आणि एकदा सवय लागली की बदलणं फार कठीण जातं.

सध्या मी आठचा आकडा काढायला शिकतोय. उजवं वर्तुळ गोल येतं, डावं अजून अंड्यासारखं. पुतणीचा टेल-इन होव्हर माझ्यापेक्षा स्थिर आहे, आणि आता तिला नाक समोर करून पाहायचंय. त्यासाठी ब्लेडची चौथी जोडी मागवली आहे, शनिवारपर्यंत येईल.